भिंतीवरच्या कॅलेंडरवरून ईद-मोहरमची तारीख कशी काढावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागात बाजारपेठ सगळ्यांची एकच. कापडाचा माल, बकऱ्यांचा सौदा, कार्यालयाचं बुकिंग, शाळेची चाचणी यांसाठी पुढच्या ईदचा अंदाज आधीच लागतो. तो भिंतीवरच्या कॅलेंडरवरून काढता येतो. मराठी असो वा कन्नड, महिना दोन्हीत अमावास्येलाच संपतो.

१. अमावास्या किती वाजता संपते ते बघा आणि तिथून दुसऱ्या दिवशीच्या सूर्यास्तापर्यंतचे तास मोजा. वीसपेक्षा कमी भरले तर चंद्रकोर सहसा दिसत नाही. चोवीसच्या पुढे गेले आणि आभाळ मोकळं असलं तर बहुधा दिसते. मधल्या तासांवर पैज लावू नका. कोर दिसली की दुसरा दिवस हिजरी म्हणजे मुस्लिम चांद्र महिन्याचा पहिला.

२०२४ मध्ये अमावास्या ८ एप्रिलला रात्री पावणेबाराच्या सुमारास संपली. पाडव्याच्या संध्याकाळी जेमतेम एकोणीस तास होत होते, म्हणून रमजान ईद ११ तारखेला. (केरळात आणि मंगळूर-उडुपीकडे १० लाच झाली.) २०२५ मध्ये अमावास्या २९ मार्चला दुपारी साडेचारला संपली, पाडव्याला सव्वीस तास भरले, ईद ३१ ला.

२. आता दिवस मोजा: मोहरमची दहावी, रबी-उल-अव्वलची बारावी म्हणजे ईद-ए-मिलाद, शव्वालची पहिली म्हणजे रमजान ईद, जिल्हेजची दहावी म्हणजे बकरी ईद. दहावी साधारण शुद्ध एकादशीच्या आसपास पडते, ही खूण लक्षात ठेवा. हिजरी दिवस मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे शाबानच्या पंधरावीची शब-ए-बरात कॅलेंडरवर आदल्या रात्री येते.

३. अधिक मास तपासा. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, त्यात अधिक मास धरतच नाहीत. म्हणून आपल्याकडे अधिक महिना आला की तिकडचे सण मराठी महिन्यांत एक घर मागे सरकतात. २०२३ मध्ये आषाढी एकादशी आणि बकरी ईद २९ जूनला एकाच दिवशी आली. त्याच वर्षी अधिक श्रावण झाला, आणि २०२४ व २०२५ मध्ये आषाढीला मोहरमची दहावी पडली. २०२६ च्या अधिक ज्येष्ठाने तीही महिनाभर मागे गेली. ईद-ए-मिलाद तीन वर्षं अनंत चतुर्दशीला चिकटून होती, ती नारळी पौर्णिमेजवळ आली.

ईद-ए-मिलादची मिरवणूक सुट्टीच्याच दिवशी निघेल असं धरू नका; गणपती विसर्जन जवळ असलं की ती पुढेही ढकलतात. उरुसाची तारीख दर्ग्यातच विचारा. मोबाईलवर फिरणारी सौदीची तारीख सहसा एक दिवस आधीची असते, ती इथे लावू नका.

४. शेवटचा शब्द चाँद कमिटीचा, म्हणजे चंद्र दिसला की नाही हे ठरवणाऱ्या समितीचा. पावसाळ्यात आपल्याकडे ढग हटत नाहीत. बाहेरून खात्रीची साक्ष आली नाही तर महिना तीसचा धरतात. बकरी ईदला चंद्रानंतर नऊ दिवस हाताशी असतात, त्यामुळे बाजार आणि गाडी ठरवायला वेळ मिळतो. रमजान ईद मात्र आदल्या रात्री पक्की होते, म्हणून शिरखुर्म्याच्या दुधाची ऑर्डर देताना गवळ्याला दोन्ही तारखा सांगा आणि चाँदरातीला फोन करून एक पक्की करा.