कुत्रा रस्त्यावरचं काहीही उचलून खातो? आधी तुमच्या या चुका टाळा

घंटागाडी यायच्या आधीचा अर्धा तास म्हणजे आपल्या नाशिकच्या कुत्र्यांची पंगत. लोकांनी रात्रीच गेटबाहेर ठेवलेल्या कचऱ्याच्या पिशव्या भटक्यांनी फाडलेल्या असतात, आणि नेमकी त्याच वेळी पट्ट्यातली लाडकी बाळं फिरायला निघतात. मी कुत्र्यांना शिकवते, त्यामुळे मग मला फोन येतात. "ताई, आमचा ब्रूनो काहीही तोंडात घालतो हो. काल तर डायपर फाडून खाल्लं." पुढचा प्रश्न ठरलेला: "किती दिवसांत बंद होईल?"

दिवस मी सांगत नाही. "त्यानं काही उचललं की तुम्ही काय करता?" एवढंच विचारते. बहुतेकदा दुखणं त्या उत्तरातच सापडतं.

मागे धावणं आणि जबड्यात बोटं घालणं

चार-पाच महिन्यांचं पिल्लू. दात येतायत, हिरड्या शिवशिवतायत, त्यामुळे पान, खडा, बाटलीचं झाकण, दिसेल ते तोंडात. यातलं बरंचसं ते थोडा वेळ चघळून स्वतःच टाकून देतं. पण मालकाला तेवढा धीर कुठला! "ए, ए, सोड! सोड म्हटलं ना!" करत घरातली तीन माणसं धावतात. एक मान धरतो, दुसरा जबडा फाकवतो, तिसरा बोट घालून वस्तू काढतो. काय निघतं? पिंपळाचं पान.

पिल्लू यातून काय शिकलं? माणूस जवळ आला की तोंडातलं जातं. मग पळायचं, नाहीतर माणूस पोचायच्या आत गिळायचं. पट्टा असला की पळता येत नाही, म्हणून ते गिळतं. चघळून टाकून देणारं पिल्लू असं महिनाभरात गिळणारा कुत्रा होतं, आणि त्याला आपणच शिकवलेलं असतं. काही कुत्री तिसरा मार्ग धरतात, गुरगुरून चावतात. मग "तो ॲग्रेसिव्ह झालाय" अशी तक्रार घेऊन तीच माणसं पुन्हा येतात.

पावसाळ्यात गंगापूर धरणाच्या रस्त्याला कणसं भाजणाऱ्यांची रांग लागते, आणि दाणे खाऊन फेकलेली कणसं रस्त्याकडेच्या चिखलात पडलेली असतात. ओळखीतल्या एका काकांचा दीड वर्षाचा लॅब्राडोर, मी सोबत चाललेले. त्यानं अर्धं कणीस उचललं. मी म्हटलं, "काका, थांबा, पट्टा ओढू नका, मी खाऊची डबी काढते." पण काकांचा हात सवयीनं जबड्याकडे गेलाच. त्या कुत्र्याला एकटं सोडलं असतं तर ते कणीस दोन पायांत धरून तो आरामात कुरतडत बसला असता. काकांचा हात दिसला, त्यानं मान वर केली, दोन हिसके दिले आणि कणीस आत. काका म्हणाले, "जाऊ दे, उद्या शीतून निघून जाईल."

कणीस शीतून निघून जात नाही. ते पचत नाही, आणि त्याचा आकार असा की जठरातून कसंबसं पुढे सरकतं आणि लहान आतड्यात बसतं. पहिल्या दिवशी कुत्रा बरा होता. मग उलट्या सुरू झाल्या, तर घरच्यांनी दहीभात दिला. दहीभातही उलटला, तेव्हा "ॲसिडिटी असेल" म्हणून आणखी एक रात्र काढली. डॉक्टरकडे नेलं तोवर तो पाणीही ठेवत नव्हता आणि पोटाला हात लावू देत नव्हता. एक्सरेत हाड दिसतं तसं कणीस ठळक दिसत नाही. वायूनं फुगलेली आतडी दिसली, म्हणून सोनोग्राफी, मग ऑपरेशन. कणीस अडकलं होतं तिथलं आतडं काळं पडलेलं, तेवढा तुकडा कापून दोन्ही टोकं जोडावी लागली. कुत्रा वाचला. बिल किती झालं ते काका अजून काकूंना सांगत नाहीत.

आंब्याची कोय हाच प्रकार करते. मे महिन्यात कोयी, जुलैमध्ये कणसं.

मग करायचं काय? माझी पद्धत म्हणजे एक छोटी स्टीलची डबी. आत उकडलेल्या चिकनचे किंवा कलेजीचे नखाएवढे तुकडे. पाकिटातली बिस्किटं नकोत, रस्त्यावरच्या हाडापुढे त्यांना कोण विचारतंय! डबीचं झाकण उघडल्याचा टक् आवाज कुत्रा चार दिवसांत ओळखायला लागतो आणि तो आवाज माझ्या ओरडण्यापेक्षा लांबून काम करतो.

सुरुवात घरात. त्याला एक कंटाळवाणी वस्तू द्या, जुना दोर वगैरे. तुकडा नाकाजवळ न्या. तोंड उघडलं की साध्या आवाजात "सोड" म्हणा, तुकडा द्या, आणि तो खाऊन झाला की दोर परत द्या. हे परत देणं सगळे गाळतात. कारण विचारलं तर "वेळ नव्हता". अहो, सगळी गोम तिथंच आहे! सोडलं तरी आपलं काही जात नाही, उलट वर चिकन मिळतं, हे त्याच्या डोक्यात बसल्याशिवाय रस्त्यावर तो हाड सोडणार नाही. शब्द आधी ओरडायचा नाही. सुरुवातीला तोंड उघडताना म्हणायचा, म्हणजे त्याला अर्थ चिकटतो. दहा वेळा "सोड सोड सोड" म्हटलंत तर तो शब्द कुत्र्यासाठी पंख्याच्या आवाजाइतकाच.

रस्त्यावर त्यानं काही उचललंच तर मी जागेवर थांबते, पट्टा सैल ठेवते, डबी वाजवते आणि तीन-चार तुकडे त्याच्या बाजूला जमिनीवर टाकते. तो तुकडे वेचतो, मी मधे पाय घालून त्याला पुढे नेते. खाली पडलेल्या वस्तूवर झडप घालायची नाही, नाहीतर पुढच्या वेळी तो ती आधी गिळेल आणि मग चिकनकडे बघेल.

उचलायच्या आधीचा शब्द वेगळा हवा. मी "नको" वापरते, बरेच जण "लीव्ह इट". मुठीत तुकडा बंद करून धरा, तो चाटेल, खरवडेल, कंटाळून तोंड मागे घेईल, त्या क्षणी दुसऱ्या हातातून द्या. मग उघडा तळवा, मग जमिनीवर, मग अंगणात, मग रस्त्यावर. लोक मुठीवरून थेट खाऊगल्लीत जातात आणि "याला काही समजत नाही" म्हणतात.

"तीन दिवसांत सवय बंद" वाले व्हिडिओ बघून येणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. शॉकचा पट्टा घेऊन येणाऱ्यांना मात्र दारातूनच परत पाठवते. कचऱ्यावर तिखट शिंपडणारे तर वेगळेच महाभाग. कुत्र्याची जीभ भाजते, सवय तशीच राहते.

"लॅब्राडोर आहे, खाणारच" हीसुद्धा पळवाटच. त्यात थोडं तथ्य आहे: 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की सुमारे 23 टक्के लॅब्राडोरांमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, आणि ते खाण्यामागे जास्त लागतात. पण हावरा कुत्रा खाण्यासाठी काहीही करतो, म्हणजे शिकवायलाही तोच सोपा.

"एखाद-दुसऱ्या द्राक्षानं काय होतंय?"

हे वाक्य नाशिकइतकं दुसरीकडे कुठं ऐकू येत नसेल. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी बंद पाडू शकतात हे इथं सांगायचं म्हणजे लोक माझ्याकडेच संशयानं बघतात. "आमच्या मळ्यातला मोती जन्मभर द्राक्षं खातोय." खात असेल. काही कुत्र्यांना काहीच होत नाही, काहींना थोड्या मण्यांनी होतं, आणि आपला कुत्रा कुठल्या गटातला हे आधी कळायची सोय नाही. अमुक इतके मणी चालतात असा आकडा कुठलाच डॉक्टर देणार नाही.

कारण बरीच वर्षं कळत नव्हतं. 2021 साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं, कारण बेकिंगमध्ये वापरतात ते क्रीम ऑफ टार्टर खाल्लेल्या कुत्र्यांच्या किडनीचंही तेच झालेलं दिसलं. हे आम्ल द्राक्षाच्या जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे कमी-जास्त असतं, म्हणून एकाला होतं आणि दुसऱ्याला होत नाही. चिंचेतही ते भरपूर असतं, तेव्हा चिंचेच्या झाडाखालीही लक्ष ठेवा. बेदाण्यात पाणी उडालेलं, म्हणजे मूठभर बेदाणे हा द्राक्षांचा चांगला मोठा घड झाला. शिरा, चिवडा, प्रसादाचा सुकामेवा, सगळं यात आलं.

जानेवारी ते एप्रिल डोळ्यांत तेल घाला. हातगाड्यांखाली चिरडलेले मणी, क्रेट भरताना सांडलेले मणी, बांधावर फेकलेले नाकारलेले घड. सुट्टीच्या दिवशी कुत्र्याला मखमलाबाद, दिंडोरीकडे मित्राच्या बागेत मोकळं सोडायची फॅशन आहे, तिथं तर द्राक्षांच्या जोडीला फवारणीचे डबेही असतात. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. त्याची बादली चाटणं कुठल्याच जिवाला परवडणारं नाही. बागेत पट्टा सोडायचा नाही, मळा मामाचा असला तरी.

खाल्लेलं दिसलं तर त्याच तासाला डॉक्टर. पहिल्या दिवसात उलट्या होतात, कुत्रा मलूल पडतो, जेवण सोडतो. पुढच्या एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत जाते, आणि तेव्हा आणलेल्या कुत्र्यासाठी फार काही हातात उरत नाही. लवकर नेला तर डॉक्टर उलटी करवतात, सलाईन लावतात, किडनी कितपत चालतेय ते कळावं म्हणून रक्तात क्रिएटिनिन बघत राहतात. "सकाळपर्यंत बघू" या दोन शब्दांनी मी पाहिलेली कुत्री गेलीत.

बाकीच्या, थोडक्यात

लांबत जाणारा दोरीचा पट्टा: फेकून द्या. कुत्रा पंधरा फुटांवर काय चावतोय ते तुम्हाला दिसतही नाही. पाच-सहा फुटांचा साधा पट्टा पुरे.

फिरताना मोबाईल: यावर बोलण्यासारखं काही नाही.

"थोडासाच रस्सा होता": कांदा आणि लसूण, कच्चा असो की शिजलेला, तांबड्या रक्तपेशी फोडतो, आणि परिणाम काही दिवसांनी दिसतो. त्यामुळे मिसळीच्या रश्शात बुडालेला पाव आणि फिक्या पडलेल्या हिरड्या यांचा संबंध कोणी लावत नाही. शिजवलेली हाडं टोकदार फुटतात, तीही नकोत.

पितृपक्षात गोदाघाटावर फिरवणं: पिंड, दर्भ, सुतळी, नारळाच्या शेंड्या, पाण्याकाठी पडलेली नाणी. लोकांच्या भावनांचा मान म्हणूनही त्या पंधरवड्यात दुसरा रस्ता धरा.

संक्रांतीनंतरचा मांजा: गिळलेला दोरा मागून लोंबताना दिसला तर ओढू नका. आतलं टोक अडकलेलं असतं आणि ओढल्यावर दोरा आतड्याला करवतीसारखा कापतो. तसंच डॉक्टरकडे.

पावसातला भेक, म्हणजे अंगावर फोड असलेला जाडजूड बेडूक: तोंडात धरला की फेस येतो. तोंड खाली आणि बाजूला धरून पाण्यानं धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका, आणि निघा.

बंगल्याच्या बागेतला सायकस (खजुरासारखं दिसणारं शोभेचं झाड) आणि कण्हेर: दोन्ही विषारी. सायकसच्या बिया तर यकृतच निकामी करतात. नर्सरीवाला हे सांगत नाही.

मोठा कुत्रा अचानक माती, चुना, विटा खायला लागला: आधी शीची आणि रक्ताची तपासणी, जंताचं औषध, मग ट्रेनर. जंतांनी पोखरलेल्या किंवा अंगात रक्त नसलेल्या कुत्र्याला "नको" शिकवून काय होणार?

आणि मुसकं. "आम्ही त्याच्यावर प्रेम करतो, मुसकं नाही बांधणार" असं बाणेदारपणे सांगणाऱ्यांचीच कुत्री ऑपरेशन टेबलवर जास्त दिसतात. मळणीत बैलाला मुसकं बांधायचे, तेव्हा कोणी शेतकऱ्याला निर्दयी म्हणत नव्हतं. फक्त जाळीचं, टोपलीसारखं घ्या, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. तोंड आवळून धरणारं कापडी मुसकं फिरायला नको; कुत्रा जीभ बाहेर काढून अंग थंड करतो, आणि एप्रिलच्या उन्हात तोंड बांधलं तर उष्माघात होईल. जाळीचंही पहिल्या दिवशी अडकवून बाहेर काढू नका. आत कलेजी ठेवा, त्याला स्वतःहून तोंड घालू द्या, आठवडाभर नुसता तेवढाच खेळ.

खाल्लंच, तर

मिठाचं पाणी पाजू नका. हा उपाय प्रत्येक घरात एका तरी आजींना माहीत असतो. उलटी होईलच असं नाही, पण रक्तातलं मीठ वाढून कुत्रा झटके येऊन जाऊ शकतो. फिनाईल, रॉकेल, ॲसिड पोटात गेलं असेल तर उलटी करवणं आणखी वाईट, कारण ते परत वर येताना अन्ननलिका भाजतं किंवा फुप्फुसात शिरतं. उलटी करवायची की नाही हे डॉक्टर फोनवर ठरवतील, आपण नाही.

दूधही नको. दूध हा विषावरचा उतारा आहे ही समजूत गावोगाव आहे, पण उंदराच्या औषधात झिंक फॉस्फाइड असेल तर ते पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू करतं, आणि पोटात काहीही घातलं की आम्ल वाढतं. दुसरी जात ब्रोमाडायोलोनची. त्यात कुत्रा तीन-चार दिवस ठणठणीत दिसतो आणि मग नाकातून, हिरड्यांतून, आतल्या आत रक्त जायला लागतं. यावर व्हिटॅमिन के-1 चा उतारा आहे, पण वेळेत कळलं तर. म्हणून पाकीट, त्याचा फाटका तुकडा, जे सापडेल ते सोबत घ्या, किती वाजता खाल्लं ते लक्षात ठेवा, उलटीचा फोटो काढा. फॉस्फाइडचा संशय असेल तर गाडीत एसी लावून काचा बंद करू नका, सगळ्या खाली ठेवा. वाटेत उलटी झाली तर तो वायू तुमच्याही नाकात जातो.