प्रचारातील मुद्द्यांची निवड कशी ओळखावी

पक्ष कोणता मुद्दा घेतो, याआधी तो कोणता टाळतो हे पाहावे. स्वतःची कामगिरी जमेची, विरोधकाची बाजू लंगडी आणि आपल्याच मतदारांत फूट पडणार नाही, असा विषय पक्षाला सर्वांत सोयीचा असतो.

सोलापूरचे उदाहरण घ्या. उजनी धरण भरले तरी शहरातील नळांना काही दिवसांआडच पाणी येते. त्यामुळे महापालिकेत सत्तेबाहेर असलेला पक्ष पाण्यावर बोलतो आणि सत्ताधारी पक्ष चर्चा राज्य किंवा देशपातळीवर नेऊ पाहतो.

विमानतळाचा विषय याहून नाजूक आहे. होटगी रस्त्यावरील विमानतळासाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडण्यात आली. विमानसेवा हवी असलेला व्यापारी आणि कारखान्याचा सभासद शेतकरी एकाच पक्षाचे मतदार असू शकतात, म्हणून अशा ठिकाणी उमेदवाराचे मोघम बोलणे हाही एक निर्णयच असतो, असे माझे ठाम मत आहे.

जाहीरनामा अवश्य वाचावा. मात्र खरी निवड भाषणांत दिसते. पूर्व भागातील विडी व यंत्रमाग कामगारांपुढील भाषण आणि मंगळवेढ्याच्या कोरडवाहू गावांतील भाषण शेजारी ठेवावे, कोणत्या विषयाला किती वेळ दिला ते लिहून काढावे आणि राहिलेला प्रश्न दारी आलेल्या उमेदवाराला थेट विचारावा.