जोंधळा शिजवणं वेगळं, निर्जंतुक करणं वेगळं

दसरा सरला, पाऊस ओसरला. खानापूरकडं भात कापणीला येतंय, म्हणजे पिंजराला, अळिंबी ज्यावर वाढते त्या भाताच्या पेंढ्याला, तोटा नाही. धिंगरी अळिंबीला (ऑयस्टर मशरूमला) पुढचे चार महिने बरे. बियाणं म्हणजे स्पॉन घरीच करायचं मनात असेल, तर आधी जोंधळ्याकडं बघा, कारण ते पिशवीत भरलेल्या जोंधळ्याच्या दाण्यावर वाढवायचं असतं.

पिंजर ८० अंशाच्या पाण्यात तासभर बुडवलं की भागतं. तोच हिशेब जोंधळ्याला लावला की पिशव्या नासतात. दाण्यातल्या पिठावर कुठलीही बुरशी ताव मारते, शिवाय काही जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. त्यात बेळगाव ७५० मीटरच्या आसपास उंच. इथं पाणी ९७-९८ अंशालाच उकळतं. म्हणून दाब हवाच: १५ पौंड, साधारण १२१ अंश, दीड ते दोन तास. शिट्ट्या मोजू नका. वाफ जोरात सुटली की शिट्टी ठेवा, दाब चढला की घड्याळ लावा. तळाला जाळी ठेवा आणि पाणी सढळ घाला, नाहीतर कुकर कोरडा पडतो.

जोंधळा खाण्याचाच घ्या. पेरणीच्या पाकिटातल्या दाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, त्यावर अळिंबी कशी वाढेल? रात्रभर भिजवा, मग २०-३० मिनिटं उकळा. दाणा बोटानं दबावा, पण फुटू नये. फुटला की पीठ सुटून गोळे होतात. निथळून कापडावर पसरा आणि मुठीत धरल्यावर तळहाताला ओल लागेनाशी होईपर्यंत थांबा. आमच्या पहिल्या खेपेच्या पिशव्या याच घाईपायी आंबल्या. किलोला २० ग्रॅम जिप्सम आणि ५ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट मिसळा. पिशवी पॉलिप्रॉपिलीनची, दोन तृतीयांश भरलेली, तोंडाला कापसाचं बूच. साधं प्लॅस्टिक कुकरात वितळतं.

पिशव्या पूर्ण गार झाल्यावरच मदर स्पॉन, म्हणजे आधी तयार असलेलं मूळ बियाणं, घाला. पंखा बंद, दारं बंद, काम दिव्याच्या ज्योतीजवळ. हाताला स्पिरिट लावलंत तर ते सुकेपर्यंत ज्योतीजवळ जाऊ नका. २५ अंशाला सहा-सात दिवसांनी पिशवी हलवा. दोन-तीन आठवड्यांत दाणे पांढरे होतात.

हिरवा किंवा काळा ठिपका दिसला, आंबूस वास आला, तर 'तेवढंच काढून टाकू' म्हणू नका. रंग दिसायच्या आधीच धागे आत पसरलेले असतात. ती पिशवी न उघडता पुन्हा दाबाखाली शिजवा आणि अळिंबीच्या खोलीपासून लांब खड्ड्यात पुरा.