रूझवेल्टांचा ‘एक झेंडा, एक भाषा’ हा उतारा अभ्यासवर्गात कसा मांडावा

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे छायाचित्र, त्याखाली ‘१९०७’ हे साल, आणि स्थलांतरिताने एकच झेंडा, एकच भाषा व एकच निष्ठा मानावी अशा आशयाचा उतारा, असा मजकूर मोबाइलवर अधूनमधून फिरत येतो. जळगावातील आमच्या वाचनालयाच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने तो वक्तृत्वासाठी जसाच्या तसा पाठ करून आणला, तेव्हा असा उतारा व्यासपीठावर नेण्यापूर्वी काय काय पाहावे याची एक पद्धत बसवावी लागली. तीच येथे देत आहे.

आरंभ सालापासून करावा. हा उतारा १९०७ चा नाही. तो ३ जानेवारी १९१९ रोजी अमेरिकन डिफेन्स सोसायटी या संस्थेच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रातील असून, त्यानंतर तीनच दिवसांनी, ६ जानेवारीला, रूझवेल्ट वारले. ते १९०१ ते १९०९ या काळात सत्तेवर होते, म्हणजे पत्र लिहिताना पद सोडून जवळजवळ दहा वर्षे झाली होती. पहिले महायुद्ध नुकतेच थांबले होते, जर्मन वंशाच्या अमेरिकनांच्या निष्ठेविषयी देशात संशयाचे वातावरण होते, आणि त्यांचा धाकटा मुलगा क्वेंटिन जुलै १९१८ मध्ये फ्रान्समधील हवाई लढाईत मारला गेला होता. याउलट १९०७ हे साडेबारा लाखांहून अधिक लोक अमेरिकेत उतरल्याचे साल. ते उताऱ्याला चिकटवले की एका माजी अध्यक्षाचे युद्धोत्तर पत्र हे विक्रमी स्थलांतरावरील सरकारी धोरण वाटू लागते. रूझवेल्टांची कागदपत्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर पाहता येतात. शोध मात्र मूळ इंग्रजी शब्दांनीच घ्यावा, कारण मराठी अनुवादावरून मूळ पानापर्यंत पोहोचणे जवळजवळ अशक्य असते.

मूळ सापडल्यावर उताऱ्याच्या आधीचे वाक्य वाचावे. जो प्रामाणिकपणे येथे येऊन अमेरिकन होतो, त्याला इतर सर्वांच्या अगदी बरोबरीने वागवले पाहिजे आणि पंथ, जन्मस्थान किंवा मूळ यांवरून त्याच्याशी भेदभाव करणे हा घोर अन्याय आहे, असे रूझवेल्ट तेथे म्हणतात. निष्ठेची अट त्यानंतर येते. आमच्या विद्यार्थ्याने आणलेल्या मजकुरात अट होती, आश्वासन गळले होते. केळीच्या व्यवहारात भाव न सांगता नुसती कटती, म्हणजे कपात, सांगावी, तसला हा प्रकार. म्हणून फळ्यावर दोन रकाने आखावेत, एकात ते काय देऊ करतात आणि दुसऱ्यात काय मागतात ते लिहावे, आणि दोन्ही रकाने भरल्याशिवाय भाषणाला हात घालू नये.

यानंतर १२ ऑक्टोबर १९१५ चे कार्नेगी हॉलमधील भाषण घ्यावे, कारण राष्ट्रीय एकात्मतेविषयीची त्यांची कल्पना तेथे अधिक उलगडते. ‘जर्मन-अमेरिकन’, ‘आयरिश-अमेरिकन’ यांतील संयोगचिन्हावर, म्हणजे दुहेरी ओळखीवर, त्यांचा रोख होता. परंतु आपण नागरिकत्व घेतलेल्यांविषयी बोलत नाही आणि आपल्या ओळखीच्या उत्तमोत्तम अमेरिकनांपैकी काहीजण परदेशात जन्मलेले आहेत, हेही त्यांनी तेथेच स्पष्ट केले. समोर बसलेले श्रोते नाइट्स ऑफ कोलंबस या कॅथलिक संघटनेचे होते, हे सांगायला विसरू नये. अनेक कॅथलिक कुटुंबे आयर्लंड, इटली अशा देशांतून आलेली होती, आणि त्यांच्याचसमोर हे बोलणे याला वेगळे वजन आहे. आमच्या वर्गात येथे एका मुलीने विचारले, “सर, घरात अहिराणी बोलायची आणि शाळेत मराठी, तर आम्हीपण संयोगचिन्हवालेच का?” असा प्रश्न आला तर टाळू नये. १९१५ च्या भाषणातला आक्षेप दुभंगलेल्या निष्ठेवर आहे, पण १९१९ च्या पत्रात भाषाही एकच हवी असे स्पष्ट लिहिले आहे, आणि माझ्या मते त्यांच्या विचारातील सर्वांत कच्चा दुवा तोच आहे.

आता शब्दांशेजारी कायदे ठेवावेत. रूझवेल्ट सत्तेवर असताना १९०६ च्या कायद्याने नागरिकत्वासाठी इंग्रजी बोलता येणे सक्तीचे झाले. (त्याच वर्षी खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पडले, त्यामुळे आमच्या मुलांना हे साल सहज लक्षात राहते.) १९०२ मध्ये चिनी मजुरांवरील बंदी पुढे चालू ठेवणाऱ्या कायद्यावर त्यांनी सही केली, १९०६ च्या वार्षिक संदेशात मात्र जपान्यांना नागरिकत्व मिळावे अशी शिफारस केली, आणि लगेच पुढच्या दोन वर्षांत जपानशी समझोता करून तेथील मजुरांचे येणे थांबवले. जर्मनीत जन्मलेले ऑस्कर स्ट्राउस यांना मंत्रिमंडळात घेऊन ज्या खात्याकडे स्थलांतराचा कारभार होता तेच खाते त्यांनी सोपवले, हेही त्याच पटावर मांडावे.

आपल्या श्रोत्यांना सर्वांत जवळचे उदाहरण भगतसिंग थिंद यांचे आहे. पंजाबात जन्मलेला हा शीख तरुण पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात दाखल झाला होता. निष्ठेचा याहून मोठा पुरावा कोणता मागणार? तरीही १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, कायद्याच्या अर्थाने ते ‘गोरे’ नाहीत म्हणून त्यांना नागरिकत्व घेता येणार नाही, असा निर्णय दिला. भारतीयांसाठी ते दार १९४६ मध्ये उघडले. पत्रातले बरोबरीचे आश्वासन कोणाकोणापर्यंत पोहोचतच नव्हते, हे येथे दिसते, आणि भाषणाचा निम्मा वेळ याच भागाला द्यावा.

स्थानिक दाखला देताना जपावे. मध्य प्रदेशातून रावेर-यावलच्या केळीबागांत येणारा मजूर परदेशी नाही. भारतात कोठेही जाण्याचा व राहण्याचा हक्क त्याला घटनेच्या कलम १९ ने दिलेला आहे, म्हणून रूझवेल्टांची अट त्याच्यावर लादणे ही ढोबळ चूक ठरते.

शेवटी, ज्या गटात तो मजकूर आला तेथे दुरुस्ती पाठवावी. पाठवणारे बहुधा घरातले किंवा गल्लीतले वडीलधारे असतात, तेव्हा लांबलचक वाद घालू नये. आमच्या विद्यार्थ्याने एवढेच लिहिले: “काका, हे पत्र १९०७ चे नसून ३ जानेवारी १९१९ चे आहे. त्याच्या आधीचे वाक्य यात राहून गेले आहे, ते खाली जोडतो.”