जुन्या हापूस कलमाला पुन्हा फळावर आणताना

परसातल्या हापूसच्या कलमाकडे दहा-पंधरा वर्षे कोणी पाहिलेले नसले की पहिला विचार खताचा होतो. पण अशा झाडाला खताआधी उजेड हवा असतो. आंब्याचा मोहोर येतो तो ऊन खाल्लेल्या, पक्व डहाळीच्या शेंड्याला. फांद्या एकमेकींत शिरून मध्ये अंधार झाला की फळ फक्त घेराच्या टोकाला लागते, तेही आकडी पोहोचणार नाही अशा उंचीवर, आणि आतल्या सावलीत तुडतुडे वाढतात. म्हणून आधी करवत, खत नंतर.

करवत लावण्याआधी बुंध्याशी कलमाचा सांधा शोधा. सांध्याच्या खालून फुटलेले धुमारे रायवळ खुंटाचे, म्हणजे ज्यावर हापूस बांधला त्या झाडाचे असतात. ते मुळापाशी काढून टाका. वरचा हापूस पूर्ण मेला असेल आणि खालचेच जिवंत असेल, तर कितीही छाटणी केली तरी हापूस मिळणार नाही. तिथे खुंटाच्या जोमदार धुमाऱ्यांवर नवे कलम बांधावे लागते.

छाटणी ऑक्टोबरमध्ये, पाऊस पूर्ण थांबल्यावर करा. पावसात जखम ओली राहते, बुरशी शिरते आणि फांदी टोकाकडून वाळत खाली येते. एप्रिल-मेमध्ये छाटले तर उघडी पडलेली साल उन्हाने भाजते. छाटलेल्या फांद्यांचा त्या हंगामाचा आंबा जातो, हे आधीच धरून चाला.

पहिल्यांदा वाळलेल्या फांद्या काढा, मग बांडगूळ. बांडगूळ नुसते ओरबाडून उपयोग नाही, कारण त्याची मुळे फांदीच्या आत असतात. ते चिकटलेल्या जागेच्या वीत-दीड वीत खालून फांदीच कापा, आणि त्याला फळे धरण्याआधी. चिकट बिया पक्षी दुसऱ्या फांदीवर नेतात. त्यानंतर मधोमध सरळ वर गेलेल्या जाड फांद्यांपैकी एक-दोन काढून झाड आतून मोकळे करा. एका वर्षात एकतृतीयांशाहून जास्त घेर काढू नका. उरलेले पुढच्या ऑक्टोबरात.

दंडाएवढी फांदी एका घावात कधीच कापू नये; ती स्वतःच्या वजनाने मोडते आणि खोडाची साल सोलवटून नेते. खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून एकतृतीयांश काप घ्या, मग त्याच्या थोडे पुढे वरून कापून फांदी पाडा. उरलेला खुंट शेवटी फांदीच्या बुडाशी जो फुगवटा असतो, त्याच्या लगेच बाहेरून काढा. फुगवटा कापला तर जखम भरत नाही, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजतो.

जखमांना त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावा. 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात. मग एकत्र ओता. लोखंडी सुरी बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळे आहे, आणखी चुना घाला. शिळी पेस्ट वापरू नका.

बुंध्यावर भोक आणि खाली भुसा दिसला तर आत भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी आहे. वाकवलेल्या तारेने अळी ओढून काढा, पेट्रोलमध्ये भिजवलेला कापूस आत कोंबा, चिखलाने तोंड लिंपा. आठवड्याने नवा भुसा पडलेला दिसला तर अळी जिवंत आहे, पुन्हा करा.

प्रत्येक कापाशी धुमाऱ्यांचा झुबका फुटतो. बाहेरच्या दिशेला जाणारे, एकमेकांपासून लांब असलेले दोन-तीन ठेवा, बाकीचे कोवळे असतानाच खुडा. बहुतेकांचे काम इथेच फसते: छाटणी उत्साहाने होते, विरळणी राहून जाते, आणि दोन वर्षांत तोच अंधार परत येतो.

खत पुढच्या जूनमध्ये, पहिला पाऊस मुरल्यावर. पूर्ण वाढलेल्या कलमाला 50 किलो शेणखत, 3 किलो युरिया, 3 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 2 किलो सल्फेट ऑफ पोटॅश. बुंध्याशी टाकू नका, तिथे अन्न घेणारी मुळे नसतात. घेराच्या कडेच्या थोडे आत वीतभर खोल चर खणून, खत घालून मातीने झाका. पाणी मोहोराआधी देऊ नका. पाण्याचा ताण तुटला की मोहोराऐवजी पालवी येते. फळ वाटाण्याएवढे झाल्यावर पंधरा दिवसांनी एकदा, 150 ते 200 लिटर, असे तीन-चार वेळा पुरे.

छाटलेल्या फांद्यांना मोहोर सहसा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येतो. तोवर घाईने पॅक्लोब्युट्राझोल (मोहोर लवकर आणायला मातीत देतात ते संजीवक) घालू नका. ते नवी वाढ रोखते, आणि या झाडाला आत्ता वाढच हवी आहे.