गल्ली सुधारायचीय? आधी शेजारपाजारच्यांना सोबत घ्या

पहिली गोष्ट, लगेच मीटिंग बोलवू नका. नोटीस बोर्डावर "सर्व रहिवाशांनी उपस्थित राहावे" असं लावलंत की नेहमीचेच पाच जण येणार आणि पार्किंगवरून भांडून घरी जाणार. त्यापेक्षा आठवडाभर संध्याकाळी वाण्याकडे, भाजीवालीकडे, इस्त्रीवाल्याकडे जरा रेंगाळा आणि लोक कशाने वैतागलेत ते ऐका.

मग एकच काम निवडा. समजा कोपऱ्यावरचा कचऱ्याचा ढीग. आता सकाळी आणि रात्री तिथे थांबून बघा, कोण टाकतं, कधी टाकतं. भांडायला नाही हं, फक्त बघायला. बऱ्याचदा असं दिसतं की घंटागाडी येते तेव्हा नवरा-बायको दोघंही लोकल पकडायला पळालेले असतात, मग पिशवी रात्री गुपचूप कोपऱ्यावर येते. हे कळलं की उपाय सुचतो, गाडीच्या वेळेबद्दल पालिकेच्या मुकादमाशी बोला, नाहीतर बिल्डिंगच्या गेटच्या आत ओल्या-सुक्याचे दोन डबे ठेवा. घरकामाच्या ताईंना आणि वॉचमनला पण यात धरा, कारण कचरा खाली आणतात तेच आणि त्यांना कोणी विचारतच नाही.

मदत मागताना "सगळ्यांनी सहकार्य करा" म्हणू नका, त्याने कोणी हलत नाही. "काका, सकाळी गाडी आली की डबे बाहेर काढाल का?" असं नाव घेऊन, छोटं काम सांगा. पैसे सुरुवातीला अजिबात मागू नका. गणपती मंडळाची पोरं असतील तर सोन्याहून पिवळं, माणसं जमवायची त्यांना सवय असते.

तक्रार मुंबई महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर करा, तक्रारीचा नंबर लिहून घ्या, ग्रुपवर टाका, आणि पुढचा फोन दुसऱ्या कोणालातरी करू द्या. दरवेळी तुम्हीच केलात तर ते तुमचं एकट्याचं काम होऊन बसतं. थोडी माणसं टिकली की वॉर्ड ऑफिसमध्ये एएलएमची (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) चौकशी करा, म्हणजे रहिवाशांनी पालिकेसोबत आपला परिसर सांभाळायची पद्धत, मुंबईत ती १९९० च्या दशकापासून आहे आणि सुरुवातीच्या प्रयोगांत घाटकोपरची जोशी लेन होती.

गटाराचं किंवा झाडांच्या फांद्यांचं काम असेल तर मार्च-एप्रिलमध्येच मागे लागा. आणि फांद्या स्वतः तोडायला जाऊ नका, त्याला पालिकेची परवानगी लागते.