चिनी न्येनहुआ प्रिंट घरी लावताय? या चुका टाळा

चीनमध्ये नवीन वर्षाला घरोघरी लाकडी ठशांचे रंगीत प्रिंट लावतात ना, न्येनहुआ, ते फिरायला गेलं की आपण हौसेने घेऊन येतो आणि मग घरी आल्यावर वाट लागते, म्हणून हे लिहितेय.

पहिली चूक, दारावरचे देव उलटे लावणं. छिन छ्युंग आणि युची गोंग, दोघंही थांग राजवटीतले सेनापती, छिन गोरा आणि युची काळासावळा, दोन फळ्यांच्या दारावर एकेक चिकटवतात. दोघांची तोंडं एकमेकांकडे हवीत! डावंउजवं चुकलं की पाठीला पाठ लावून उभे राहतात, आणि जोडीतला एकच लावणं तर अजिबात नको.

चुलीचा देव झाओ जुन हॉलमध्ये नका लावू, त्याची जागा स्वयंपाकघरात चुलीपाशी. उत्तर चीनमध्ये बाराव्या चांद्रमहिन्याच्या 23 तारखेला त्याच्या ओठांना गोड चिकट काहीतरी लावून तो कागद जाळतात, म्हणजे वर जाऊन घरच्यांबद्दल गोडच बोलेल, आणि नवीन वर्षाला नवा लावतात. वर्षभरासाठीच बनवलेला असतो, म्हणून कागद पातळ, त्याला हलका माल समजू नका.

रंग रेषेबाहेर गेलाय म्हणूनही परत करू नका. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, थोडं सरकणारच. उलट सगळं परफेक्ट दिसलं तर भिंग घेऊन बघा, बारीक ठिपके ठिपके दिसले तर ती ऑफसेट, म्हणजे यंत्रावरची छपाई. तियानजिनजवळच्या यांगलिउछिंग गावच्या प्रिंटमध्ये ठशाच्या रेषांवर चेहरे, कपडे ब्रशने रंगवतात, तिथे ब्रशचे फटकारे दिसले तर घाबरू नका, हनान प्रांतातल्या झूशियानझेन गावचं मात्र सगळं ठशानेच.

आता फ्रेमिंग, इथे माझं मन खरंच दुखलंय. मासा कवटाळलेलं गुबगुबीत बाळ, हातात कमळ, (माशाला आणि शिलकीला चिनीत एकच उच्चार, यू, म्हणून ते चित्र भरभराटीचं) ते मी फ्रेमवाल्याकडे दिलं आणि त्याने अख्खा कागद पातळ गोंदाने पुठ्ठ्यावर चिकटवला. रंग पाण्यातले, बाळाच्या पोटावरचा लाल रंग फुटून पार माशाच्या शेपटीपर्यंत आला, कागदाला सुरकुत्या, आणि आता तो सुटतही नाही. तुम्ही सांगा की फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी पातळ कागदाच्या पट्ट्या, खळीने, बाकी मोकळं, आणि काच चित्राला टेकता कामा नये, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. लॅमिनेशन तर नकोच. ऊन येतं त्या भिंतीवर लावू नका, आणि धूळ झटकायची तर कोरड्या मऊ ब्रशने, ओलं फडकं कधीच नाही.